बेरजेत न आलेले चौदा जीबी

"ताई, आज तरी मिळेल का पुस्तक?"

यास्मिन मुजावरनं पांढरी काठी दुमडून मांडीवर ठेवली आणि माझ्या टेबलाच्या दिशेनं तोंड केलं. शुक्रवार होता, सकाळचे अकरा. मिरजेहून बस पकडून ती त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आली होती, आणि तिसऱ्यांदाही माझ्यासमोरचा स्क्रीन ढिम्म होता. माउस हलवला की बाण अर्ध्या मिनिटानं हलायचा, तोही उपकार केल्यासारखा.

"मशीन अडून बसलंय गं. संध्याकाळपर्यंत होईल बहुतेक."

"बुधवारी पण तुम्ही बहुतेकच म्हणाला होता," ती म्हणाली. "पेपर बावीस दिवसांवर आलेत, ताई. इतिहासाचं एक पण पुस्तक ऐकून झालेलं नाही."

तिला चहा पाजला आणि परत पाठवलं.

सांगलीतल्या एका ट्रस्टचं ते ध्वनिग्रंथालय. दृष्टिहीन मुलामुलींसाठी आम्ही छापील पुस्तकं स्कॅन करायचो आणि सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम ती वाचून आवाजाच्या फाइली बनवायचा. मला तिथं लागून आठ महिने झाले होते. वय चोवीस, कॉम्प्युटरची पदवी ताजी आणि जिभेला हाड नाही. सर्व्हर सांभाळायचं काम माझं एकटीचं. तो चालला तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही, आणि अडला की सगळे माझ्या टेबलाशी.

वाचणारा प्रोग्रॅम मात्र सातपुते काकांचा. विश्वंभर सातपुते, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, वय एकसष्ट. सहा वर्षं खपून त्यांनी तो एकट्यानं लिहिला होता. त्यातला आवाज त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा. काकू तासगावला प्राथमिक शाळेत शिकवायच्या. माडीवरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, माइकसमोर बसून त्यांनी मराठीतले उच्चार एकेक करून म्हटले होते, हजारोंनी. प्रोग्रॅम ते तुकडे जोडून वाचायचा. आमची मुलं त्या आवाजाला काकूच म्हणायची. 'काकूंकडून ऐकलं की लक्षात राहतं,' असं यास्मिन नेहमी म्हणायची.

आणि त्याच प्रोग्रॅमवर गदा आली होती. ट्रस्टचे सचिव मगदूम वकील. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीचा तयार प्रोग्रॅम बघून ठेवला होता. शनिवारी बारा वाजता विश्वस्तांची बैठक होती. सर्व्हर सारखा का बसतोय याचं कारण मी लेखी द्यायचं, आणि कारण काकांचा प्रोग्रॅम निघाला तर तो सोमवारपासून कायमचा बंद, असं साहेबांनी काकांना तोंडावर सांगितलं होतं. काका नुसते "बघू या" म्हणाले होते.

यास्मिन गेल्यावर ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. हातात चौकटीची वही. एक्स्चेंजमधली सवय, रोजचे आकडे टिपून ठेवायचे.

"दाखव बरं काय दिसतंय."

"काय दिसणार? जे रोज दिसतं तेच." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. जे काम चालू आहे ते सगळं ओट्यावर मांडलेलं असतं. ओटा भरला की लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, जास्तीचं सामान मागच्या खोलीत नेऊन ठेवतो, त्या खोलीला म्हणतात स्वॅप. पण प्रत्येक डबा आणायला मागच्या खोलीत पळायचं म्हटल्यावर स्वयंपाक कधी व्हायचा? आमचा ओटा सोळा जीबीचा, मागची खोली आठ. दोन्ही काठोकाठ भरली होती.

"ही यादी बघा, काका. कोण किती मेमरी खातंय त्याची. सगळ्यात वर कोण आहे?"

"मी," काका म्हणाले. "साडेपाच."

"झालं तर मग."

"पहिल्या दिवसापासून साडेपाचच घेतो तो. काकूंचे सगळे उच्चार मेमरीत मांडून ठेवावे लागतात. पण वाढतो का? मंगळवारी साडेपाच, बुधवारी साडेपाच." त्यांनी वही पुढं केली.

मी वहीकडे बघितलंच नाही. लॉग, म्हणजे मशीनची स्वतःची नोंदवही, उघडला. "आणि हे? तीन आठवड्यांत तीनदा मेमरी संपली, आणि तिन्ही वेळेला लिनक्सनं तुमचाच प्रोग्रॅम मारून टाकला. नाव लिहून ठेवलंय त्यानं."

"ज्याला मारलं त्याचं नाव आहे. ज्यानं भरलं त्याचं आहे का?"

"काका, शब्दात नका पकडू हो."

"शब्दात नाही पकडत, बाळा. बेरीज कर." त्यांनी पेन्सिल काढली. "माझे साडेपाच. पुस्तकांच्या यादीचा डेटाबेस अडीच. बाकीची चिल्लर दोन. झाले दहा. भरलेत चोवीस. मग चौदा कुठं गेले?"

खरं सांगते, बेरीज जुळत नाही हे मला आधीच दिसलं होतं. बुधवारीच. दिसलं आणि मी ते बाजूला सारलं, कारण यादीत सगळ्यात वर एक नाव होतं, लॉगमध्ये तेच नाव होतं, आणि साहेबांनाही तेच नाव हवं होतं. सगळं कसं छान जमून आलं होतं.

"लिनक्स स्वतःसाठी ठेवतो थोडी," मी म्हणाले.

"चौदा जीबी?"

"काका, मला पाचपर्यंत रिपोर्ट द्यायचाय. हे काय टेलिफोन एक्स्चेंज नाही, एकेक वायर मोजत बसायला!"

बोलून गेले. बोलल्यावर माझी मलाच जीभ चावावीशी वाटली, कारण त्याच माणसाच्या डब्यातली भाकरी मी आठ महिने दुपारी खात होते. काकांनी वही मिटली. रागावले नाहीत. "बरं, लिही तू," म्हणाले आणि आपल्या टेबलाशी गेले.

पाच वाजता मी त्यांचा प्रोग्रॅम बंद केला. मशीन थोडं सैल झालं. म्हटलं, बघा, निघालं ना कारण! रिपोर्ट तीन ओळींचा होता. सर्वाधिक मेमरी श्री. सातपुते यांचा प्रोग्रॅम वापरतो, मेमरी संपल्याच्या तिन्ही नोंदींत तोच आहे, तो बंद करावा ही शिफारस. मगदूम वकिलांना मेल केला आणि निवांत घरी गेले. घरी पावभाजी होती, दोनदा घेतली.

शनिवारी साडेनऊला ऑफिसात पोचले. मशीन आता पळत असेल असं धरून चालले होते. ते कुंथतच होतं. मेमरी बघितली तर साडेअठरा जीबी भरलेले. काकांचा प्रोग्रॅम बंद. डेटाबेस आणि चिल्लर मिळून साडेचार.

चौदा. तेच चौदा. जागचे हलले नव्हते.

त्या क्षणी मला आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी मी एक शहाणपणा केला होता. काकूंच्या आवाजाच्या कच्च्या फाइली फार मोठ्या असायच्या. त्या लहान करायला मी लिहिलेली एक स्क्रिप्ट होती, म्हणजे ओळीनं दिलेल्या हुकमांची फाइल, आणि तिला एका पुस्तकाला चाळीस मिनिटं लागायची. डिस्क मंद म्हणून मी एक फोल्डर सरळ मेमरीतच बनवला. दिसायला फोल्डर, पण सामान सगळं ओट्यावर. मर्यादा भरपूर ढिली ठेवली. चाळीस मिनिटांचं काम नऊ मिनिटांत व्हायला लागलं. मगदूम वकिलांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. असल्या फोल्डरनं खाल्लेली मेमरी कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर पडत नाही. म्हणून ती यादीत दिसत नव्हती.

पण काम झालं की कच्च्या फाइली पुसायची ओळ मी स्क्रिप्टच्या शेवटी लिहिली होती. नक्की लिहिली होती. स्क्रिप्ट उघडली. ओळ होती. तिच्यापुढं एक हॅशची खूण होती.

ही खूण ओळीपुढं ठेवली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. चाचणीच्या दिवशी मला कच्च्या फाइली तपासायच्या होत्या, म्हणून मीच ती ठेवली होती. नंतर काढायची राहिली. तेव्हापासून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या फाइली मेमरीत साठत गेल्या होत्या. मशीन रीस्टार्ट केलं की फोल्डर आपोआप रिकामा व्हायचा, चार दिवस बरे जायचे, आणि मग पुन्हा तेच. मेमरी संपली की लिनक्स सगळ्यात मोठा प्रोग्रॅम शोधून मारतो. ती कुणी भरली हे तो बघत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते मी.

हे सगळं कळायला दोन मिनिटं लागली. नंतर मी नुसती बसून राहिले.

उठायचं, साहेबांच्या केबिनमध्ये जायचं आणि म्हणायचं की कालचा रिपोर्ट चूक आहे, दोष माझा आहे. एवढंच होतं. पण त्याच बैठकीत मला कायम करायचं पत्र होतं. जिनं तीन आठवडे सर्व्हर बंद पाडला आणि वर खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं, तिला कोण कायम करणार? घरी आईनं शेजारच्या चार बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी फोल्डर रिकामा केला. ती खूण काढून टाकली. मशीन लगेच पळायला लागलं. स्वतःशी म्हटलं, बैठकीत विषय निघाला की सांगू या. निघेलच.

विषय सगळ्यात पहिलाच निघाला.

"डोंगरे, आज मशीन कसं आहे?" मगदूम वकिलांनी विचारलं.

"एकदम छान आहे, साहेब."

"काय केलंत?"

"काल संध्याकाळी सातपुते काकांचा प्रोग्रॅम बंद केला."

दोन्ही वाक्यं खरी होती. विश्वस्तांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. साहेबांनी माझा रिपोर्ट वाचून दाखवला. मग म्हणाले, "सातपुते, तुमचं काही म्हणणं?"

काका उभे राहिले. वही हातात होती, पण उघडली नाही.

"मला शलाकाला एकच विचारायचंय. शलाका, माझा प्रोग्रॅम तू काल पाचला बंद केलास. चौदा जीबी मोकळे कधी झाले? काल संध्याकाळी, की आज सकाळी?"

"त्यानं काय फरक पडतो?" साहेब म्हणाले.

"पडतो, साहेब. सांग बाळा. आठवून सांग, घाई नाही."

इतक्या हळू आवाजात विचारलं त्यांनी. समोर टेबलावर पाकिटात माझं पत्र होतं, वरती माझं नाव टाइप केलेलं.

"कालच," मी म्हणाले. "बंद केल्याबरोबर."

"नक्की?"

"हो, काका."

ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या वहीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "ठीक आहे. मग माझं काही म्हणणं नाही," आणि खाली बसले.

दहा मिनिटांत ठराव झाला. मला पत्र मिळालं, साहेब म्हणाले, "पेढे कधी, डोंगरे?" बाहेर पडताना काकांनीही "अभिनंदन" म्हटलं. मनापासून म्हटलं की काय, ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायची हिंमतही नव्हती.

मंगळवारी यास्मिन आली. नव्या आवाजातली पहिली फाइल मी तिला लावून दिली. तिनं पाच मिनिटं ऐकली आणि हेडफोन काढला.

"ही बाई फार घाईत आहे, ताई. जोडाक्षरं गिळते आणि कुठं थांबायचं ते तिला माहीतच नाही. काकू कुठं गेल्या?"

"तो प्रोग्रॅम मशीनला जड होत होता गं."

"जड?" तिला हसू आलं. "काकू कशा काय जड होतील?" मग गंभीर झाली. "परीक्षेपुरत्या तरी ठेवायच्या होत्या."

जे मिळालं ते घेऊन ती गेली. दारापर्यंत पोचवायला मी नेहमी उठायची, त्या दिवशी उठले नाही.

बुधवारी साहेबांनी सांगितलं, सातपुत्यांच्या फाइली पेन ड्राइव्हवर काढा आणि त्यांचं सर्व्हरवरचं खातं बंद करा. ते कामही माझंच. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये एक फाइल असते, त्या माणसानं टाइप केलेल्या कमांड लिनक्स तीत ओळीनं टिपून ठेवतो. काकांनी पुढं वेळही टिपली जाईल अशी सोय करून घेतली होती. उगाच उघडली मी. शेवटच्या पाच ओळी शनिवारच्या होत्या, घरून केलेल्या.

आठ बावन्न, मेमरी किती भरलीय ते बघितलं. आठ त्रेपन्न, कुठला फोल्डर किती भरलाय ते बघितलं. आठ पंचावन्न, माझा फोल्डर उघडला. आठ छप्पन्न, माझी स्क्रिप्ट उघडली. आठ अठ्ठावन्न, बाहेर पडले. कशालाही हात लावला नव्हता.

मी ऑफिसात पोचायच्या अर्धा तास आधी काकांना सगळं माहीत होतं. चौदा जीबी कुणाचे, आणि त्या ओळीपुढची खूण कुणाची. म्हणजे बैठकीत त्यांना काही विचारायचंच नव्हतं. ते मला वाट करून देत होते, आणि मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

गुरुवारी ते पेन ड्राइव्ह न्यायला आले. मी आधी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण ते समोर उभे राहिले आणि मला राहवेना.

"काका, तुम्ही शनिवारी सकाळी बघितलं होतं."

"हो."

"मग बैठकीत सांगितलं का नाही?"

"सांगायलाच आलो होतो. वहीत सगळं लिहून आणलं होतं." ते खुर्चीत टेकले. "वर आलो तर तू दिसलीस. चेहरा पांढराफटक. म्हटलं, हिला पण सापडलंय. आता स्वतःच सांगेल. मी सांगितलं असतं तर पोर तोंडघशी पडली असती. तिनं सांगितलं तर चूक झाली आणि निस्तरली, एवढंच राहील. म्हणून नुसतं विचारलं."

"पण मी खोटं बोलल्यावर तरी?"

"तेव्हा बोलायला पाहिजे होतं, खरं आहे. सुमन तेच म्हणते. चार दिवस धड बोलत नाहीये माझ्याशी. तिचीही सहा वर्षं होती ना त्यात." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "पण तू सगळ्यांसमोर हो म्हणालीस आणि पुढं माझ्यानं बोलवेना. घरच्या माणसाला खोटं पाडल्यासारखं वाटलं. आता वाटतं, चुकलंच माझं."

मला रडू कोसळलं. हुंदके देत म्हणाले, "मी आत्ता जाते. आत्ताच्या आत्ता साहेबांना सगळं सांगते."

आणि म्हणताना मी वाट बघत होते. त्यांनी 'राहू दे, झालं ते झालं' म्हणावं म्हणून. मोठी माणसं म्हणतात तसं. ते म्हणाले असते तर मी सुटले असते. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, त्या खोटं बोलण्यापेक्षाही मला हिची जास्त लाज वाटते.

काकांनी पेन ड्राइव्ह खिशात घातला.

"बरं," ते म्हणाले. "साहेब आहेत आत."

आणि ते जिना उतरून गेले.

केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होती. दार उघडं होतं, मगदूम वकील फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होते. मी डोळे पुसले, उभी राहिले, ओढणी सारखी केली. तेवढ्यात स्क्रीनवर आलं, पुस्तक तयार झालं, पुढचं टाका. मी बसले आणि पुढचं टाकलं.

मगदूम वकील त्यानंतर नऊ वर्षं सचिव होते. केबिनचं दार ते कधीच लावायचे नाहीत.